स्वराचा पिवळा फ्रॉक

रविवार, दिवेलागण

स्वराचा दौंडहून फोन आला. इकडं उसात बिबट्या फिरतो म्हणून पोरीला दिवाळीपासून माझ्या भावाकडं ठेवलीय. रोज पुस्तकातला एक शब्द सांगते. आजचा ‘निशाचर’, म्हणजे रात्री जागणारा प्राणी. म्हटलं, मग मीपण निशाचरच. हसली.

काल आमच्या उसाच्या तोडीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. वनखात्याच्या माणसांनी क्रेटात घालून त्याच सरीत ठेवली. सकाळी क्रेट रिकामा. त्यांची आई रात्रीत घेऊन गेली. हे ऐकून स्वरा म्हणाली, “आई, बिबट्याची मादी पिल्लांना वासावरून वळखती. तू वळखशील मला?”

“व्हय गं,” म्हटलं.

तिचा पिवळा फ्रॉक मी धुतलाच नव्हता, उशीखाली ठेवलेला. आज सासूबाईंनी धुऊन टाकला. त्यांना काय माहीत? आता दोरीवर वाळतोय. दोनदा नाकाशी धरून आले. नुसता साबण.

त्या मादीचा राग यायला पाहिजे. तिच्यापायीच पोर लांब गेली. पण राग कुठला, सकाळपासून हेवाच वाटतोय. तिची पिल्लं एका रात्रीत तिच्याजवळ आली.