हळू वाढणारा

क्वात्र बॉर्न, ३ मे १९८२
आज उगीच आठवले. लग्नाला महिना झाला होता, बो बासें गावातली भाड्याची खोली. गळ्यातल्या साखळीचा फासा मला लावता येत नसे. कामावर निघालेले हे जेवणाचा डबा खाली ठेवून मागे उभे राहायचे. बोटे गार. "हलू नकोस ग." आता त्या गळ्यावर आडवा वण. हे तिकडे बघत नाहीत.

७ मे
नोव्हेंबरात गळ्यातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मादाम, कॅन्सर आहे, पण हळू वाढणारा. सगळा काढला. पुष्कळ वर्षे जगाल. मात्र दर सहा महिन्यांनी मान दाखवायची." तारीख आली, १८ मे. ह्यांना सांगितले. हे म्हणाले, "त्या वॉर्डात आता विजयची आत्या नर्स म्हणून आलीय." विजय म्हणजे आमच्या नलिनीला जानेवारीत आलेले स्थळ, प्लेन दे पपाय गावचे. "आईला कॅन्सर म्हटल्यावर मुलगी कोण करून घेईल?"

१८ मे
गेले नाही. हे म्हणाले, "डॉक्टरच म्हणाले ना, हळू वाढतो? मग डिसेंबरात लग्न होईपर्यंत काय बिघडते!"
चांगली बातमी माझी होती. ती ह्यांनी घेतली.
नलिनी, "आई, सिल्वुप्ले, एवढे ऐक, लग्नानंतर जा." डोळे भरलेले. पोरीचा राग येत नाही. का येत नाही...

३० मे
हे कधी बाजारात जात नाहीत. आज गेले, साखरपुड्यासाठी ब्लाउजचे कापड आणले. "बंद गळ्याचे शिव. थंडी आहे." बेटावर मे-जून म्हणजे हिवाळा, तेवढे खरे. शिवले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, टाका दिसता कामा नये. तेवढे चांगले शिकले.

६ जून
साखरपुडा झाला. विजयची आत्या जेवायला नेमकी माझ्या शेजारी. "विहीणबाई, घाम फुटलाय तुम्हाला. वरचे बटण तरी काढा!" सगळ्या हसल्या, मीही. हे लांबून माझ्या गळ्याकडे बघत होते. किती महिन्यांनी.

१४ जून
केस विंचरताना कानाखाली काहीतरी लागले. मुगाएवढे. काही नसेलही. ह्यांना हात लावून बघा म्हटले. वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "सर्दीने येते तसे."
उद्या मंगळवार, तपासणीचा वार. सकाळच्या बसने इस्पितळात जाते. आत्या असली तर असली.
लिहून ठेवते. आईची तांब्याची कळशी धाकट्या बहिणीला, इंदूला. ती चिंच लावून घासते, मी कंटाळते. मराठी पुस्तके बैठकेत संध्याकाळी मराठी शिकायला येणाऱ्या मुलांना. ह्यांना काही नाही, ह्यांचे ह्यांच्यापाशी आहे. पाटल्या नलिनीला. लग्न होवो न होवो.