पुंगळ्या तावायची शेगडी कुणाला

आज सगळ्यात आधी आली ती शेजारची लक्ष्मीबाई, साक्षीदार म्हणून. बसायच्या आधीच म्हणाली, "गोजरबाई, शेगडी सुनेला का नातीला, तेवढं सांग." मागनं रायफल क्लबचे आप्पासाहेब आले, उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी घेऊन. या दोघांच्या देखत मी, गोजरबाई कचरू दाभाडे, राहणार मुकुंदवाडी, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या माघारीची वाटणी लिहिते.

घर माझ्या लेकाला, अभयला. विकलंच तर समोरच्या साहेबरावाला विकू नये. त्यानं आमची शिडी नेली ती नेलीच.

पाटल्या अन् तवा सुनेला, मोनालीला. तिच्यासारखी भाकर आख्ख्या मुकुंदवाडीत नाय.

आता शेगडी. क्लबात त्याच पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात; त्या तावायचं काम आमच्या मालकांचं. पितळ वापरून वापरून कडक होतं, तोंडाशी चिरतं. म्हणून तोंडाला जाळ देऊन ते मऊ करायचं. बूड मात्र कडकच राहावं, नायतर पुंगळी बंदुकीतच फुटून झाडणाऱ्याचा डोळा जायचा. मालक बूड चिमटीत धरायचे. चटका बसला की पुंगळी पाण्यात. तेच त्यांचं माप.

ते गेल्यावर मोनाली बसली शेगडीवर. तव्यावरची भाकर बोटांनी उलटणारी बाई ती, तिला चटका बसतोय कुठं! बुडाजवळ रंग पालटला तरी म्हणते, "आत्याबाई, अजून कोमटच हाय की!" आप्पासाहेबांनी ती सगळी पिशवी हातोडीनं चेचून भंगारात घातली. माझीही बोटं तसलीच, म्हणून मी कधी हात लावला नाय.

अन् माझी नात करुणा! चहाचा कप ओढणीत धरून पिणारी. आज तिच्या चिमटीत पुंगळी दिली. तोंडाचा रंग पालटतो न पालटतो, "आई गंऽ!" अन् पुंगळी पाण्यात. दुसरी, "आई गंऽ!" तिसरीलाही तेच. आप्पासाहेबांनी बुडं तपासली, तोंडं तपासली, म्हणाले, "आजी, हिचं ओरडणं लई बिनचूक हाय."

मोनाली फुगली. "लेकीला कामाला हात लावू दिला नाय, त्याचं हे बक्षीस?"

व्हय, त्याचंच. शेगडी, पाण्याची परात अन् मालकांचं स्टूल करुणाला. तिची बोटं निबर झाली की तिनं उठावं अन् दुसरी नाजूक चिमटी बसवावी.

हे वाचून मी हसून सही केली.

गोजरबाई कचरू दाभाडे
साक्षीदार: १. लक्ष्मीबाई २. आप्पासाहेब
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. बुधवार, १५ जानेवारी २०२५

जाता जाता: शेगडी करुणाकडं आहे तोवर तिला कुणी भाकरी करायला बसवू नये. आप्पासाहेब उरलेल्या पुंगळ्या घेऊन परत येणार आहेत येत्या रविवारी.