लताताईंची यादी

१० जानेवारी १९९४, सोमवार

ह्यांच्या पिशवीत चार पुस्तकं सापडली! चारही वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. चौदा वर्षं संसार केला, हा माणूस लग्नपत्रिकेपलीकडे काही वाचताना मी पाहिला नाही. कपड्याच्या दुकानात ठाण उलगडून दाखवणाऱ्याला पुस्तकं कशाला लागतात?

आत चिठ्ठी. "गिरधरभाऊ, ह्याच क्रमाने वाचा. एकही गाळू नका. – लता." खाली पाच पुस्तकांची नावं. अक्षर तिरकं, ठसठशीत. बाईचंच.

सगळं होतं तसं ठेवलं. बघते.

१२ जानेवारी

सकाळी न्हाणीत बोलत होते. पाण्याचा आवाज नाही, नुसतं बोलणं. "नमस्कार! आपली पाचच मिनिटं घेतो..." मग थांबून परत तेच, आणखी गोड आवाजात. माझ्याशी कधी असं गोड बोललेत?

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचं निमित्त करून दुकानात गेले. मालक माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, गिरधरने दिवाळीलाच सोडलं की! तुम्हाला माहीत नाही?"

हसून म्हटलं, माहीत आहे, तुम्हालाच द्यायला आले होते. दोन महिने! रोज साडेनऊला भांग पाडून जातात ते कुठे?

संध्याकाळी समोर बसवलं. सगळं ओकले. नशिराबादच्या अलीकडे, हायवेला लागून कुण्या चुडामणशेठने शेतात प्लॉट पाडलेत. हे ते विकतात. विकला तर कमिशन, नाही तर हात हलवत घरी. "जम बसल्यावर सांगणार होतो."

लता कोण?

"अगं, लताताई धुळ्याच्या. पन्नाशीच्या आहेत! त्यांच्याएवढे प्लॉट खान्देशात कोणी विकले नसतील. त्यांनीच मला हाताशी धरलं. म्हणाल्या, ठाण विकणं आणि जमीन विकणं वेगळं, आधी वाचा."

पन्नाशीच्या म्हणे.

२० जानेवारी

जेवताना अकरा वेळा "लताताई म्हणतात". मोजले. लताताई म्हणतात, गिऱ्हाइकाला उन्हात उभं करू नये, आधी पाणी द्यावं. लताताई म्हणतात, भाव शेवटी सांगावा. मी म्हटलं, भाकरी वाढू, की ताईंना विचारून येता?

२७ जानेवारी

हे गेल्यावर पुस्तकं काढली. खरं सांगायचं तर पुस्तक वाचायला नाहीच – पानांत काही ठेवलंय का ते बघायला. वाळलेलं फूल, कागद, काहीतरी!

फूल नाही. पण पानोपानी समासात त्या बाईचं अक्षर. तांबडी पेन्सिल. आणि सगळी भांडणं! छापलंय, "ग्राहकाला नाही म्हणायला जागा ठेवू नका." बाजूला हिने लिहिलंय – "जागा ठेवावी. कोंडलेला माणूस सही करतो आणि आठ दिवसांनी भाऊबंद घेऊन येतो." छापलंय, "घरातील कर्त्या पुरुषाशी बोला." बाजूला – "चूक. बाई हो म्हणाली की पुरुष म्हणतो. आधी तिला विहीर कुठे ते दाखवा." आणि बोलण्याच्या कलेच्या पुस्तकात अख्ख्या पानावर आडवी रेघ मारून एकच शब्द. "भंपक."

मोठ्याने हसले मी. मग स्वतःचाच राग आला.

४ फेब्रुवारी

जरीना आपाने प्लॉट घेतला! आमच्या मागच्या गल्लीतली, शिवणकामात माझी जोडीदारीण – काज-बटणं माझी, मशीन तिचं. नवरा गेल्यापासून भाड्याच्या खोलीत. ह्यांनीच तिला गाठलं, मला न विचारता. वीस वर्षं मशीनवर बसून जमवलेले पैसे तिने एका दमात दिले. आज कात्री चालवताना गुणगुणत होती.

म्हटलं, आपा, नीट पाहिलंत ना?

"भाभी, भाईजान झूठ थोडीच बोलेंगे. और वो लताबाईने भी पास किया है, बोले."

बरं झालं म्हणावं तर एकच काज दोनदा उसवलं. का, ते कळेना.

१५ फेब्रुवारी

चारही वाचून झाली माझी. दोनदा. यादीतलं पाचवं नाव मात्र गिऱ्हाइकाचं नाही, बोलण्याचं नाही – जमिनीचे सरकारी कागद कसे वाचावेत त्याचं. ते घरात कुठेच नाही.

विचारलं. म्हणाले, "ते मिळालं नाही. लागतही नाही. शेठ म्हणतात, कागद वकिलाने बघायचे, आपण माणसं बघायची."

एकही गाळू नका, असं लिहून दिलं होतं ना? हा माणूस माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

१९ फेब्रुवारी

कोर्टाजवळच्या दुकानातून पाचवं पुस्तक आणलं. पातळ आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, परीक्षेला बसताय का तलाठ्याच्या?" म्हटलं, हो.

अवघड वाटलं होतं, पण नाही. सातबारा म्हणजे जमिनीची जन्मपत्रिका. मालक कोण, तो किती पक्का मालक, आणि एक रकाना "इतर हक्क" म्हणून. पुस्तकात लिहिलंय, लोक नाव वाचतात आणि हा रकाना सोडतात, आणि घोळ असतो तो तिथेच.

२३ फेब्रुवारी

आज जाऊन जागा पाहिली. काळी जमीन, चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, पताका. मांडवात एक पोरगेला माणूस टेबलाशी. हे नव्हते. म्हटलं, लताताईंना भेटायचंय.

"लताताई? त्या डिसेंबरातच सोडून गेल्या. शेठशी वाजलं काहीतरी."

डिसेंबरात! आणि हे मला परवा सांगत होते, लताताई शुक्रवारी असं म्हणाल्या न् तसं म्हणाल्या. जरीना आपाला त्यांचं नाव सांगितलं ते फेब्रुवारीत!

संध्याकाळी घरी विचारलं. आधी नाही नाही. मग – "लोक त्यांच्या नावावर येतात. त्या गेल्या असं सांगितलं तर एक खुंट विकला जाणार नाही." आणि शुक्रवारचं? "त्यांनी पूर्वी सांगितलेलंच सांगत होतो."

मी दुसऱ्या बाईच्या मागे होते. दुसरी बाई नव्हतीच. आता वाटतं, असती तर परवडलं असतं.

२ मार्च

तलाठी कचेरीत गेले. साहेब जेवायला गेलेले. कोतवाल चिंधा म्हणून, अमळनेरकडचा. मांडवातल्या पाटीवरचा गट नंबर सांगितला तसं त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

"अक्का, ह्या गटना उतारा मांगाले तू दुसरी बाई शे."

पहिली कोण?

"धुळानी व्हती. चष्मावाली. उतारा वाचा आन् आठेच पायरीवर बसी गई."

उतारा मिळाला. उभ्याउभ्या वाचला. मालक चुडामणशेठ नाहीच! मालक कुणी वना म्हणून, त्याला सरकारने दिलेली जमीन. भोगवटादार वर्ग दोन. इतर हक्कात लिहिलंय – कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकण्यास बंदी. परवानगीची नोंद नाही. बिनशेतीची नोंद नाही. म्हणजे तिथे घर बांधायचं सोडा, ती जमीन आजही शेतच आहे, आणि ती विकायचा हक्क कोणालाच नाही.

मीही पायरीवर बसले.

३ मार्च

उतारा ह्यांच्यापुढे ठेवला. रकान्यावर बोट ठेवून वाचून दाखवला.

"मला माहीत नव्हतं."

पुस्तक मुद्दाम नाही घेतलंत?

"नव्हतं माहीत म्हणतो ना!"

मोठा आवाज खऱ्याचा असतो की खोट्याचा? चारही पुस्तकांत ते नाही.

११ मार्च

ह्यांच्याकडून पत्ता घेऊन धुळ्याला जाऊन आले. एस.टी.त पारोळ्यापर्यंत उभी. लताताईंचं घर म्हणजे दोन खोल्या. पायांना सूज, जाड चष्मा. खरंच पन्नाशीच्या! मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "गिरधरभाऊंच्या मंडळी? बसा, आधी पाणी घ्या." मला हसू आलं आणि रडूही.

उतारा काढून दिला. त्यांनी बघितलाच नाही. पाठ होता.

"यादी मी बारा जणांना दिली," म्हणाल्या. "तीस वर्षांत जे शिकले ते पाच पुस्तकांत बसवून. चार वाचून पोट भरतं. पाचवं वाचलं तर झोप लागते. बारांतला एकही उतारा घेऊन आला नाही. आलात त्या तुम्ही – आणि तुम्हाला तर मी दिलीही नव्हती."

मी सोडणार नव्हते. म्हटलं, तुम्हाला कळलं तेव्हा सरळ का नाही सांगितलंत ह्यांना? जरीना आपाचे पैसे वाचले असते.

शेवभाजी वाढली, भाकरी मोडून दिली.

"कारण त्या प्लॉटांतले एकतीस मी विकले होते," म्हणाल्या. "स्वतःच यादी लिहिणारी मी, आणि शेठवर विश्वास ठेवून उतारा न बघता विकले. कळलं तेव्हा शेठकडे गेले. होऊन जाईल परवानगी, म्हणाला. मी सोडलं. पण एकतीस घरी जाऊन सांगायचं धैर्य गोळा करायला मला तीन महिने लागले. गिरधरभाऊंना जाताना एवढंच म्हटलं – पाचवं वाचा, आधी पाचवं वाचा."

म्हणजे ह्यांना इशारा मिळाला होता!

आता त्या ग्राहक मंचात तक्रार करणार आहेत. स्वतःही कागदावर नाव देणार, विकणारी म्हणून. ह्यांच्या गिऱ्हाइकांच्या पावत्या गोळा करून आणा, म्हणाल्या. "आणि तक्रारदार लागेल. पहिलं नाव द्यायला सगळे घाबरतात."

१८ मार्च

आठवडाभर घरोघर फिरले. दहा घरं. एकीने दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्याने पावती द्यायच्या आधी पाणी दिलं.

जरीना आपाकडे शेवटी गेले. तिने ऐकून घेतलं. पेटीतून पावती काढून माझ्या हातात दिली आणि मशीनवर जाऊन बसली. पायडल तेवढं चालू, सुईखाली कापड नव्हतं.

२० मार्च

पावत्या चटईवर मांडल्या. नऊ. शेठची सही एकाही पावतीवर नाही! शिक्का स्कीमचा, सही सगळीकडे – गिरधर. गिरधर. गिरधर.

म्हणजे मी आठ दिवस उन्हात फिरून हे गोळा केलं. ह्यांच्याविरुद्धचा पुरावा.

विचारलं, शेठने सही का नाही केली एकदाही? "ते म्हणायचे, तू विकलास, तुझा मान." मान!

माहीत होतं ह्यांना. नक्की. ताईंनी सांगितलेलं, पुस्तक टाळलं, ताईंचं नाव वापरलं. एवढं सगळं नकळत होतं का?

२२ मार्च

सकाळपासून हे नाहीत. पिशवी नाही, दोन सदरे नाहीत. मांडवात विचारायला गेले – मांडवच नाही. खुंट तेवढे आहेत. शेठ सुरतेला गेला म्हणतात.

दोघे मिळून गेले असतील. लिहिताना हात थांबत नाही, इतकी खात्री आहे.

२३ मार्च

नाहीत.

२४ मार्च

आज दुपारी आले. दाढी वाढलेली. सुरतेत तीन पत्त्यांवर गेले, म्हणाले. शेठ कुठेच नाही. मी पाणीसुद्धा दिलं नाही.

मग पिशवीतून एक पावती काढून बाकीच्या नवांशेजारी ठेवली. "ही राहिली होती," म्हणाले.

पावती नंबर एक. प्लॉट सत्तावीस, कोपऱ्याचा, पूर्वेकडे तोंड. दुकान सोडताना मिळालेला सगळा हिशेब त्यात घातलेला. घेणाऱ्याचं नाव – मंजुळा गिरधर.

माझं.

तारीख दोनदा पाहिली. बोट ओलं करून सहीवर घासलं, शाई आजची नाही ना ते बघायला. नाही. नोव्हेंबरातलीच.

२५ मार्च

तक्रार लिहिली. तक्रारदार क्रमांक एक – मी. सामनेवाले – चुडामणशेठ, लताताई आणि गिरधर. तिन्ही नावं माझ्याच अक्षरात. ह्यांनी वाचून पाहिली, एक काना राहिला होता तो दाखवला, आणि माझ्याबरोबर मंचाच्या कचेरीत यायला चपला घातल्या.