महिपतीचा अंदाज

१४ ऑक्टोबर

अकरा वर्षांनी नवऱ्याने अंगाला हात लावला! तोही प्लास्टरचा!

रोह्याचा ऋत्विक सिनेमा काढतोय. पाच विनोदी गोष्टी, पाचही अंथरुणातल्या. एकीत नवराबायकोला जवळ यायला ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. एकीत नवरा बायकोला टाकून पुतळ्याशी लग्न लावतो – तो पुतळा करायचं काम आमच्याकडे. गणपती संपलेत, कारखाना रिकामाच, महिपतीने लगेच हो म्हटलं. (तोंडावर अहो, इथे महिपती.) साच्यासाठी बाई कोण? घरचीच, फुकटची.

दारं लावून त्याने खांदे, पाठ, पोट, सगळीकडे खोबरेल चोळलं, वर ओल्या पट्ट्या. मला लाज वाटली, बरं वाटलं, रडू आलं. "हलू नको गो, सांधा दिसंल," एवढंच म्हणाला.

१८ ऑक्टोबर

पुतळा बघून ऋत्विक म्हणे, "काकी, राग मानू नका, कंबर जरा कमी करावी लागंल." महिपती म्हणतो, "जरा? निम्मी काढतो!" रंगकामाची मृणाली फिदीफिदी हसली. मीपण हसले. काय करणार!

२२ ऑक्टोबर

चार दिवस कानस चाललीय. माझी कंबर गेली, पोट गेलं, दंड गेले. घमेल्यात मी, पाटावर दुसरीच. उजवा खांदा उतरता, मान लांब, पाठीला खोल पन्हळ – ही तर मृणाली! विचारलं, कुणाकडे बघून केलंत? म्हणे, "अंदाजानं."

महिपतीचा अंदाज! हा माणूस माप घेतल्याशिवाय उंदीरसुद्धा करत नाही.

२३ ऑक्टोबर

जेवले नाही. त्याने विचारलंही नाही.

२५ ऑक्टोबर

आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी माझ्याकडे. प्रत्येक गणपतीचे डोळे मीच काढते. पुतळ्याचेही काढले – मृणालीचे. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यातला तपकिरी ठिपकासुद्धा. महिपती पांढराफटक पडला. "पूस ते." म्हटलं, काढलेले डोळे पुसतात का कधी? तुम्हीच शिकवलंत ना! तेवढ्यात ऋत्विकचा टेम्पो आला आणि पुतळा गेला.

११ जानेवारी

रोह्याला हॉलमध्ये सिनेमा. आमची अख्खी आळी पेणहून आलेली. मृणाली आणि तिचा नवरा प्रवीण माझ्याच पुढच्या रांगेत. पडद्यावर सासू पुतळ्याची ओटी भरते, लोक पोट धरधरून हसताहेत. मग चेहरा जवळून दिसला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली मृणाली हाय! महिपतीनं माप कधी घेतलान?" हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! प्रवीण हसला नाही. तिचा दंड धरून बाहेर घेऊन गेला.

मी शेवटपर्यंत बसले. इतकी कधी हसले नव्हते. घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

१३ जानेवारी

प्रवीणने तिला घराबाहेर काढलं. दुपारी पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. महिपतीने पिशवी आत ठेवली, तिला पाणी दिलं. मग मला म्हणाला, "तिला आता कुणी नाय. तुला जिते गावात माहेर तरी हाय."