गवताच्या आतलं

नागपूर, ११ ऑक्टोबर १९८४

प्रिय मधुकर,

पुण्याची नोकरी मानवली ना? इथे आई आपल्या साखरपुड्याच्या साड्या बघतेय आणि मी बुरश्या. कामठीच्या माळावरून आपण आणलेलं ते मारवेल आणि कुसळी गवत आठवतं? वरून हिरवंगार, निरोगी. आत नुसती वस्ती! एकाच ठोंबातून करडी, गुलाबी, काळी, कापसासारखी पांढरी बुरशी निघाली. मला आनंद झाला, सरांना संशय आला. निरोगी गवतात एवढं असेलच कसं, तुमच्या हातची घाण असणार, म्हणाले आणि माझा प्रबंध अडवून ठेवला.

मग मीही कुणाला सोडलं नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीवर संशय घेतला, पंख्यावर घेतला, बुरशी वाढवायच्या काचेच्या बश्या धुणाऱ्या तुळसाबाईंवरही घेतला. "माह्यावर काहून डोळे वटारून राहिली वं?" म्हणून त्यांनी मला चांगलंच झापलं. शेवटी हट्टाला पेटून मी सरांनाच करून बघायला लावलं. त्यांनी स्वतः गवत आणलं, स्वतः औषधात धुतलं. धुतलेलं पान आधी एका कोऱ्या बशीत दाबलं, मग तेच कापून दुसरीत ठेवलं. पहिल्या बशीत काहीच उगवलं नाही, म्हणजे पान बाहेरून स्वच्छ. दुसरीत माझ्याच सगळ्या बुरश्या! त्या गवताच्या आतच राहतात, मधुकर. माझे हात स्वच्छ होते.

सर ओशाळले. प्रबंध द्या म्हणाले. आणि बोलता बोलता म्हणाले, तुम्ही नमुने दातांनी तोडता असं कळलं होतं, म्हणून शंका आली.

माळावर गवताची काडी चघळायची माझी खोड आहे, खरं. पण नमुन्याला मी कधी तोंड लावलं नाही. नमुन्यांची पिशवी तर तुझ्याच हातात होती. त्या दिवशी तिथे तुळसाबाई नव्हत्या, पंखाही नव्हता. आपण दोघंच होतो.

थट्टेत बोलला असशील, अशी मी मनाची समजूत घातली. पण हे काम पुण्यात स्वच्छ हातांनी नव्याने करतो, असंही तू सरांना सुचवलंस म्हणे. फार लागलं रे मला.

पुढच्या रविवारी तुझ्या आई साखरपुड्याची तारीख ठरवायला आमच्याकडे येणार आहेत. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. तार करून त्यांना थांबव. कारण काय सांगायचं ते तूच ठरव. माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल काय बोलायचं, ते तुला छान सुचतं.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही,
शामला