टपावरची सायकल

बाबा, गाडीच्या टपावर सायकल कशी बांधायची हे विचारावं असं घरात आता कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली. तुम्ही होतात तोवर आपल्याकडे गाडी नव्हती, आणि टपावर सायकल बांधून आणताना मी तुम्हाला एकदाच पाहिलंय. खरं तर त्या एका दिवसाबद्दलच विचारायचं आहे. त्या दिवशी मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंत, हे मला ठाऊक आहे. ऐकून तुम्ही जे केलंत ते रागाने केलंत की कशाने, हे मला अजून उमगलेलं नाही. पण एकदम तिथे जायची हिंमत होत नाही, तेव्हा आधी रॅकचं सांगते.

तुमची नात यंदा नागपूरला कॉलेजात गेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तुम्ही असतात तर त्यावरून तिच्याआधी मला ओरडला असतात. पोरगी सायकलच्या शर्यतींत उतरते. तिची सायकल तुमच्या सायकलीसारखी घंटीवाली, स्टँडवाली नाही. एका हाताने उचलता येते आणि टायर अंगठ्याएवढं बारीक. मागे एकदा ट्रान्सपोर्टने पाठवली होती तर चाक वाकडं होऊन आलं, आणि ही दोन दिवस धड जेवली नाही. त्यामुळे यावेळी तिने आधीच सांगून टाकलं, "मम्मी, साइकिल मेरे साथ ही जाएगी." आमची गाडी लहान. गादी, बादली, पुस्तकं, दोन बॅगा भरल्यावर सायकलीला जागा एकच उरत होती, ती वर.

मला वाटलं रॅक म्हणजे रॅक, घ्यायचा आणि लावायचा. बाबा, डोकं चक्रावून गेलं. एक रॅक गाडीच्या मागे लटकतो. तो लावला की डिकी उघडत नाही आणि नंबर प्लेट झाकली जाते. टपावरच्या रॅकच्या पुन्हा तीन तऱ्हा. एकात पुढचं चाक काढून, ते जिथे बसतं तो सायकलचा चिमटा आवळायचा. दुसऱ्यात ती चाकांसकट उभी राहते आणि एक लोखंडी हात तिची मधली दांडी धरून ठेवतो. तिसरा नुसती दोन्ही चाकं पकडतो. आणि यातलं काहीही लावायला आधी टपावर दोन आडव्या दांड्या हव्यात, कारण आमच्या गाडीचा टप गुळगुळीत. नात म्हणे, मधली दांडी आवळायची नाही, फ्रेमला तडा जाईल. मी म्हटलं, मग चाक काढू. तर म्हणे, काढलेलं चाक कुठे ठेवणार? मी पुस्तकांकडे, बादलीकडे, गादीकडे पाहिलं. शेवटी इथे रायपूरला शंकर नगरमध्ये माझ्या ऑफिसजवळ गाड्यांचं सामान विकणारा एक आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "दीदी, रायपुर में ये सब कोई नहीं लगवाता. ऊपर गद्दा बिछाओ, साइकिल लिटाओ, रस्सी मार दो." मी विचारलं, रस्सी ढिली झाली तर? "हव, वो तो होगी," तो अगदी शांतपणे म्हणाला.

मग चाकं पकडणारा रॅक ऑनलाइन मागवला. सोबतच्या कागदावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं: एक हात, एक चावी, एक बाण. रविवारी सकाळी चौबे कॉलनीतल्या आमच्या पोर्चमध्ये आम्ही दोघी भिडलो. पहिल्यांदा पुढची दांडी उलटी बसली. दुसऱ्यांदा सुलटी बसली, पण दारं लागेनात. तिसऱ्यांदा सगळं बसलं आणि एक वॉशर उरला. तो कुठला, हे आजपर्यंत कळलेलं नाही. मी स्टुलावर चढून सायकल धरून हलवली, तर अख्खी गाडी हलली पण सायकल जागची हलेना. तरी मी हलवतच राहिले, कारण मला तुमची ओरड आठवत होती. आठवीत मी दप्तर कॅरियरला कसंबसं बांधलं होतं आणि भर रस्त्यात वह्या पसरल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "पोट्टे, गाठ मारली का हालवून पाहत जाय. नाही हालली तरी हालवून पाह्य." तेव्हा मला त्या बोलण्याचं हसू आलं होतं. नात म्हणाली, "मम्मी, कितनी बार हिलाओगी?" निघताना तिने स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवली, 'ऊपर साइकिल है.' मी विसरून एखाद्या छज्ज्याखाली गाडी घालीन याची तिला खात्रीच होती.

ज्या सायकलच्या कॅरियरवरून वह्या पडल्या ती तुम्ही राजनांदगावहून आणली होती. तुमच्या पाटबंधारे खात्यातल्या कुणाची तरी बदली झाली आणि त्याने मुलीची सायकल विकायला काढली. तुम्ही मला म्हणालात, "चारच्या बसनं येतो, स्टँडवर ये." मी तेरा वर्षांची. नव्या शाळेत सांगून ठेवलेलं, की माझे बाबा साहेब आहेत. का सांगितलं ते विचारू नका. सगळ्याच सांगत होत्या, मीही सांगितलं. आणि नेमकी त्याच वेळी वर्गातली एक मुलगी तिच्या मावशीला घ्यायला स्टँडवर आलेली, स्टँडच्या दारात त्यांची गाडी उभी. बस येते. टपावर पोती, ट्रंका आणि त्यांच्यामध्ये तुम्ही, एका हाताने सायकलचं हँडल धरून बसलेले, केस धुळीने पांढरे, शर्ट मळून काळा. तुम्ही मला पाहून हात केला. मैत्रीण म्हणाली, "वो तुझे बुला रहा है क्या? कौन है?" मी म्हणाले, "पापा के ऑफिस का चपरासी है."

तुम्ही तेव्हा आमच्याकडे पाठ करून दोरी सोडत होतात. एवढ्याशा दोरीला तुम्हाला किती वेळ लागला! मला वाटलं गाठ घट्ट बसली असेल. मग तुम्ही सायकल खाली कंडक्टरकडे दिलीत, शिडीवरून उतरलात, सायकल माझ्यापुढे आणून उभी केलीत आणि हिंदीत म्हणालात, "बेबी, साहब ने आपके लिए भिजवाई है. सीट ऊँची लगे तो बोल देना." जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला 'आप' म्हणालात. आणि वळून चालायला लागलात. त्या संध्याकाळी आईने विचारलं, "काहून एवढे काळे पडले जी?" तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "टपावर बसून आलो. वर हवा मोकळी लागते." पुढे कधीही, एका शब्दाने, तुम्ही तो विषय काढला नाहीत. रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तो टोमणा होता, शिक्षा होती, की मला सांभाळून घेणं होतं? मी तिन्ही उत्तरं वर्षानुवर्षं धरून पाहिली, एकही नीट बसत नाही.

नागपूरच्या रस्त्याला लागलो आणि वेग वाढला तशी वरून शिट्टी वाजायला लागली. दुर्गच्या पुढे मी थांबले, उतरून सायकल हलवली. पट्टे घट्ट होते. पुन्हा निघालो, पुन्हा शिट्टी. नात म्हणाली, हवा है मम्मी, हवा. पण माझे कान टपाकडेच लागलेले. एखादा ट्रक जवळून गेला की पाय ब्रेकवर. राजनांदगावला तिसऱ्यांदा उतरले, दाराच्या पायरीवर चढून चाक धरून उभी राहिले आणि तिथे मला कळलं, की तुम्ही काही हवा खायला वर बसला नव्हतात. आत जागा असणार. तुमचा दोरीवर भरवसा नव्हता, एवढंच. ही गोष्ट समजायला मला पन्नाशी गाठावी लागली, याची फार लाज वाटते.

होस्टेलच्या फाटकाची कमान ठेंगणी निघाली. चिठ्ठी होती म्हणून बाहेरच थांबले. दाराच्या पायरीवर चढून पट्टे सोडायला लागले. केस सुटलेले, ओढणी कमरेला बांधलेली, हात काळे. नातीची होणारी रूममेट तिला भेटायला बाहेर आली, चांगली नीटनेटकी मुलगी. तिने माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "वो ऊपर कौन है? ड्राइवर?" तेवढ्या अंतरावरून सगळं ऐकू येतं, बाबा. आणि नातीने तोंड उघडायच्या आत माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: बेटा, मैं तो बस साइकिल छोड़ने आई हूँ. कुठून आलं देव जाणे. त्यात राग नव्हता. मी शोधून पाहिला, तसूभरही नव्हता. पोरीचा पहिला दिवस नीट जावा, एवढंच होतं.

ते वाक्य बोलायची वेळ आली नाही. नात म्हणाली, "मम्मी है मेरी. रैक भी इसी ने लगाया है. चल, पकड़ ना, साइकिल उतारनी है."

हे पत्र कुठे पाठवणार? रॅकच्या खोक्यात ठेवते, त्या उरलेल्या वॉशरजवळ. एक मात्र सांगते. त्या दोघी खाली हात वर करून उभ्या होत्या आणि मी तोंड पलीकडे करून पट्टा सोडवत होते. पट्टा केव्हाच सुटला होता.