मी, शालिकरामची मॅनेजर

५ जानेवारी, सोमवार
चौदा वर्षं! चौदा वर्षं माह्या भावाले पाडून राहिला हा नत्थुजी. टीव्हीवाल्या कुस्त्यांचा शो काढला म्हणजे देव झाला काय? कोण जिंकन, कोण पडन, सारं त्याच्या वहीत आधीच लिवलेलं. अन् शालिकरामच्या नावापुढं दर बारीले एकच, पडला. आज भाजीबाजारात शेजारची चंदा म्हणे, काय व जमुनाबाई, तुमचा पैलवान कालबी आडवा झाला म्हन्तेत. वांगं फेकून मारणार होती. गिऱ्हाईक आलं, म्हणून वाचली.

आता त्याचा गुडघा गेला. अठराले अकोल्यात शेवटची कुस्ती. पोस्टरवर लेजंड छापणार म्हणे. पडणारा कुठी लेजंड असते? लोकायनं त्याले जिंकताना पाह्यलं पाहिजे. आजपासून मी त्याची मॅनेजर. त्यानं टॉवेल धरायले बोलावलं हाय, पण सुरुवात अशीच होते.

७ जानेवारी, बुधवार
नत्थुजीच्या ऑफिसात गेली. म्हटलं, अकोल्याच्या आधी या रविवारी अमरावतीत कुस्ती हाय, तठी शालिकराम जिंकलाच पाहिजे. तो म्हणे, बाई, तो पडते म्हणून माहा शो उभा हाय. मी म्हटलं, कोडे नको घालू. दोन घंटे उठलीच नाही. शेवटी हात जोडून म्हणे, अमरावती तुमची, अकोल्यात वही माही. हो म्हटलं. अकोल्याचं अकोल्यात पाहू.

शालिकराम म्हणे, ताई, तुले यातलं समजत नाही. म्हटलं, मोठं कोण हाय, तू का मी?

११ जानेवारी, रविवार. अमरावती
प्लॅन एकच, एकदाबी पडायचं नाही. लग्नातला शालू कापून त्याले झगा शिवला. ट्रॅक्टरवर उभा करून आणला. समोर कुलदीप, नांदगाव पेठले कापडाच्या कंपनीत कामाले, सव्वीस वर्षाचा गडी. दोन मिनिटात चीत!

लोकं गप. मागून एक जण ओरडला, बापा, झालं काय? एक पोरगी बापाले विचारे, काका आज पडले काहून नाही?
भारावले असतीन. भारावला माणूस टाळ्या विसरते.

१२ जानेवारी, सोमवार
भारावले नव्हते.

कुलदीप दुकानावर आला. म्हणे, काकू, तुमचा भाऊ पाठीवर पडते, पंच मोजते एक, दोन, अन् तीनच्या आत तो खांदा उचलते. दोनदा, तीनदा. सारं मैदान ओरडते, उठ शालिक, उठ! शेवटी हारते, पण स्वतः उठून जिंकणाऱ्याचा हात वर करते. म्हणे, माहं नाव झालं ते त्यायनं मले त्यायले पाडू देलं म्हणून.

मले हे कसं माहीत असणार? चौदा वर्षात एकबी शो पाह्यला नाही. लाज वाटे.

ठीक. अकोल्यात तोंड उघडणार नाही. टॉवेल, बस.

१८ जानेवारी, रविवार. अकोला
लिववत नाही. तरी लिवते.

मैदान गच्च भरलेलं. कुलदीपनं त्याले आपटलं, तो उठला. पुन्हा आपटलं, पुन्हा उठला. लोकं खुर्च्यायवर उभे. तिसऱ्या बारीले कुलदीप छातीवर बसला. शालिकरामचे डोळे मिटलेले, गुडघा थरथरून राहिला. पंच म्हणे एक. पंच म्हणे दोन. अन् मी दोरीखालून आत. चप्पल काढली अन् कुलदीपच्या पाठीत हाणली. खरी हाणली. ओरडली, सोड माह्या भावाले, मुडद्या!

पंचाचा हात वरच राह्यला. कुलदीप पाठ चोळत म्हणे, काकू, ते आता उठणारच होते ना.

आधी एक जण हसला. मग सारं मैदान.

शालिकराम उठला नाही. पडल्या जागी तोंडावर हात घेतले.

१९ जानेवारी, सोमवार
माहा व्हिडिओ साऱ्या मोबाइलवर. चंदा टोमणा मारन म्हणून तयारीत होती. तिनं मुकाट्यानं चहा आणून देला. टोमणा परवडला असता.

दुपारी एक म्हातारा आला, जानराव, तेल्हाऱ्याचा. मेथीची जुडी हातात घेतली, मले ओळखलं. म्हणे, माही घरवाली गेली त्या सालापासून दर वर्षी येतो मी, त्याले उठताना पाहाले. काल शेवटचं होतं. बाई, तुमी त्याले उठूच नाही देलं.

जुडी ठेवून गेला.

२० जानेवारी, मंगळवार
नत्थुजीचा फोन. रविवारी पातूरले शालिकरामले आणखी एक कुस्ती देतो म्हणे. अट एकच, वहीत लिवून ठेवली, बहीण नको. म्हटलं, बरोबर लिवलं.

शालिकराम फोन उचलत नाही. भावजय गीतांजली म्हणे, जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. तिच्या मोबाइलवर त्याच्यासाठी मेसेज धाडायचा हाय, तो आधी अठी लिवून पाहते, चुका होतात माह्या.

शालिक, मी चुकली. मॅनेजरकी सोडली. चौदा वर्षं मले तुही लाज वाटे, आता माही वाटते. नत्थुजीची अट मले मान्य हाय, पण त्याचं नको सांगू, तुह्या मनात काय हाय ते सांग. तू नको म्हटलं तर घरून पाय काढणार नाही. ये म्हटलं तर तिकीट काढून पार मागं बसीन, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पण असा मुका नको राहू रे. येऊ का नको, शुक्रवारी सांजेपर्यंत सांग.